मनाचा तास कुणी घ्यायचा?

जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत, चौथीच्या वर्गात, मी मागे सतरंजीवर बसले होते. फळ्याशेजारी कार्डशीटचा तक्ता टांगलेला होता आणि त्याला पाच खिसे चिकटवलेले होते: आनंदी, शांत, उदास, राग आलाय, भीती वाटते. सकाळी आल्या आल्या प्रत्येकाने आपल्या नावाची पट्टी आपापल्या मनाप्रमाणे एका खिशात टाकायची. परिपाठ आटोपून बाई वर्गात आल्या, तक्त्यावरून नजर फिरवली आणि मला हळूच म्हणाल्या, "तो तिसऱ्या रांगेतला बघा. आज तिसरा दिवस, पट्टी भीतीच्या खिशात आहे. मधल्या सुट्टीत बोलते त्याच्याशी." मधल्या सुट्टीत केंद्रप्रमुखांचा फोन आला. पोषण आहाराची माहिती तासाभरात ऑनलाइन भरून हवी होती. बाई मोबाइल घेऊन, रेंज येते त्या पायरीवर जाऊन बसल्या. मुलगा मैदानाच्या कडेला एकटाच उभा होता.

त्या तक्त्यामागे जगभर वाढलेले एक मोठे क्षेत्र आहे. त्याला सामाजिक-भावनिक शिक्षण म्हणतात. स्वतःच्या भावना ओळखणे, त्या सांभाळणे, दुसऱ्याच्या मनाचा अंदाज घेणे, नाती जोडणे आणि टिकवणे, आणि परिणामांचा विचार करून निर्णय घेणे या पाच गोष्टी शाळेत शिकवता येतात, असे हे क्षेत्र मानते. त्या खरोखर शिकवता येतात का, शिकवाव्यात का, आणि शिकवायच्या तर कुणी, हे प्रश्न मात्र अजून सुटायचे आहेत. आज आपण नेमके कुठे उभे आहोत, ते पाहण्याचा हा प्रयत्न.

आपल्याकडची जुनी वाट

नाव नवे असले तरी विचार आपल्याला परका नाही. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक चालवत. मुलांचे मन जपणे हा त्यांना शिकवण्याचाच भाग वाटे. १९३७च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीममध्ये हात, हृदय आणि बुद्धी यांची फारकत मान्यच नव्हती. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी काम उभे केले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुलाला आधी आपलेसे वाटले पाहिजे आणि अक्षरे त्यानंतर, हा क्रम त्यांनी कामातून दाखवला. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सुरू केलेल्या 'सृजन आनंद विद्यालया'तही शिक्षा आणि स्पर्धा यांना फाटा देऊन हाच धागा पुढे नेला गेला.

या साऱ्या प्रयोगांत एक गोष्ट समान होती. भावनांसाठी वेगळा तास कुठेच नव्हता. मोठी माणसे मुलांशी कशी वागतात, यावर सगळी भिस्त होती.

न्यू हेवनपासून जगभर

अमेरिकेतली सुरुवातही अशीच झाली, हे आज फारसे कुणी आठवत नाही. येल विद्यापीठातले बालमनोविकारतज्ज्ञ जेम्स कोमर यांनी १९६८ साली न्यू हेवन शहरातल्या दोन प्राथमिक शाळांत काम सुरू केले. गरीब कृष्णवर्णीय वस्तीतल्या या शाळांत हजेरी कमी, भांडणे जास्त आणि गुण तळाला. कोमर यांनी मुलांसाठी पाठ लिहिले नाहीत. मुख्याध्यापक, शिक्षक, पालक आणि मानसिक आरोग्य जाणणारी व्यक्ती यांना एकत्र बसवून शाळेचा कारभार सुधारायला लावले. पुढच्या वर्षांत हजेरी, वर्तन आणि अभ्यास तिन्ही सुधारले.

१९९० साली पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी 'भावनिक बुद्धिमत्ता' ही संकल्पना मांडली. १९९४ मध्ये 'कॅसल' ही संस्था स्थापन झाली आणि सामाजिक-भावनिक शिक्षण हे नाव रूढ झाले. वर दिलेली पाच कौशल्यांची चौकट तिचीच. १९९५ साली डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने हा विषय घराघरांत पोचवला. याच दशकात जागतिक आरोग्य संघटनेने दहा जीवनकौशल्यांची मांडणी केली, आणि भारतातल्या शाळांत हा विचार बव्हंशी त्याच वाटेने आला.

या प्रवासात एक बदल झाला. कोमर यांच्याकडे शाळा बदलण्याचे काम होते. ते हळूहळू मुलांना शिकवायच्या पाठांचे संच बनले. पाठ छापता येतात, विकता येतात, त्यांचे प्रशिक्षण तीन दिवसांत उरकता येते. शाळेचे वातावरण असे पेटीत घालून पाठवता येत नाही. आजचे बरेचसे मतभेद याच वळणावर सुरू होतात, असे मला वाटते.

भारतातले प्रयोग

महाराष्ट्रात परिपाठ आणि मूल्यशिक्षण आपल्या अंगवळणी पडले आहे. संवेदनशीलता, सौजन्यशीलता, श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता अशा दहा मूल्यांची यादी कित्येक शाळांच्या भिंतींवर रंगवलेली दिसते. २००९ साली शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने बीड जिल्ह्यात 'मूल्यवर्धन' सुरू केले. संविधानातली मूल्ये पाठ करून घेण्याऐवजी जोडीने चर्चा, छोट्या गटात काम आणि खेळ यांतून ती अनुभवाला आणायची, हा त्याचा गाभा. हा कार्यक्रम नंतर राज्यभरच्या जिल्हा परिषद शाळांत पोचला. ज्या जिल्ह्यातून ऊसतोडीला दरवर्षी कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात, तिथे त्याची सुरुवात व्हावी याला अर्थ आहे. आईबाप फडावर आणि मूल आजीकडे, अशा घरातल्या मुलाला शाळेतच कुणीतरी ऐकून घेणारे हवे असते.

मुंबईत महापालिकेच्या शाळांत २००८पासून झालेल्या 'जेम्स' या प्रयोगात आयसीआरडब्ल्यू आणि कोरो या संघटना व टाटा समाजविज्ञान संस्था यांनी सहावी-सातवीच्या मुलामुलींशी लिंगभाव आणि हिंसा यांवर थेट बोलायला सुरुवात केली. दिल्ली सरकारने २ जुलै २०१८ रोजी दलाई लामा यांच्या उपस्थितीत 'हॅपिनेस' अभ्यासक्रम आणला: बालवर्ग ते आठवी, रोज एक तास, त्यात सजगतेचा सराव, गोष्टी आणि कृती, आणि परीक्षा किंवा गुण नाहीत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने सामाजिक, नैतिक आणि भावनिक क्षमता हे शिक्षणाचे उद्दिष्ट ठरवले. महाराष्ट्राने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' जाहीर केला.

उपक्रमांची वाण नाही. त्यांचे एकमेकांशी नाते काय, हे मात्र शिक्षकाला क्वचितच कुणी समजावून सांगते. परिपाठ, मूल्यवर्धन, जीवनकौशल्ये, आनंददायी शनिवार ही त्याच्या लेखी चार वेगवेगळी परिपत्रके असतात.

मतभेद कुठे आहेत

पहिली बाजू स्वतंत्र तासाची. तिचे म्हणणे असे: गणित आपोआप येत नाही, तसेच राग सांभाळणेही आपोआप येत नाही. घरी ते मिळेलच असे नाही. वेळापत्रकात जागा नसलेली गोष्ट शाळेत घडत नाही, हा अनुभव आहे. म्हणून ठरलेला वेळ, ठरलेला क्रम आणि प्रशिक्षित शिक्षक हवा.

दुसरी बाजू म्हणते, तास वेगळा काढला की उरलेला दिवस मोकळा सुटतो. सकाळी आठला करुणेची गोष्ट आणि साडेनऊला गृहपाठ न केल्याबद्दल सगळ्यांसमोर उठाबशा, यातून मूल काय शिकेल? शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने बंदी घातली, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. या मंडळींच्या मते भाषेचा धडा, इतिहासातली माणसे, नाटक, खेळ, गटाने केलेला प्रयोग हेच भावनांचे खरे तास आहेत.

तिसरी बाजू आपल्या पालकसभांत हमखास ऐकू येते. हे संस्कारांचे काम आहे, ते घरी व्हावे, शाळेने अभ्यास घ्यावा. या मताला जुनाट म्हणून झिडकारणे मला योग्य वाटत नाही, कारण त्यात एक नेमका आक्षेप दडलेला आहे. दुसऱ्याचे मन ओळखण्याचे कौशल्य फसवणाऱ्यालाही उपयोगी पडते. कौशल्याला मूल्यांचा आधार लागतो, तर मग कुणाची मूल्ये, हे विचारावेच लागते. अमेरिकेत याच प्रश्नाने राजकीय वळण घेतले. २०२२ साली फ्लोरिडा राज्याने गणिताची कित्येक पाठ्यपुस्तके नाकारली, त्यामागच्या कारणांत सामाजिक-भावनिक शिक्षणाचा समावेश हेही एक कारण दिले होते.

चौथा आक्षेप इंग्लंडमधून आला. कॅथरिन एक्लस्टन आणि डेनिस हेज यांनी २००८च्या पुस्तकात म्हटले की शाळा उपचारकेंद्र बनू लागली की मुलांना स्वतःकडे दुबळे म्हणून पाहायची सवय लागते आणि ज्ञानाचा तास आक्रसतो.

पाचवा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. ज्या मुलीला जातीवरून हिणवले जाते तिला राग आवरायला शिकवून आपण काय साधतो? तिचा राग योग्य आहे. तिथे शिकायला हवे ते हिणवणाऱ्यांनी आणि डोळेझाक करणाऱ्या शाळेने. फुले-आंबेडकरांचा वारसा सांगणाऱ्या प्रांतात भावनांचे शिक्षण केवळ जुळवून घेण्याचे शिक्षण होणार असेल, तर ते अपुरे आहे. संविधानाच्या मूल्यांवर आधारलेले आपले कार्यक्रम याचे उत्तर देऊ पाहतात. ते उत्तर वर्गात प्रत्यक्ष कितपत उतरते, यावर सगळे अवलंबून आहे.

पुरावा काय सांगतो

या शिक्षणाची बाजू मांडणाऱ्यांचा भक्कम आधार म्हणजे जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांचा २०११चा अभ्यास. त्यांनी २१३ कार्यक्रम आणि २,७०,०३४ विद्यार्थी यांची आकडेवारी एकत्र तपासली. वर्तन आणि मनःस्थिती सुधारलीच, शिवाय अभ्यासातही फरक पडला: शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मधे उभे असलेले मूल अकरा जागा पुढे सरकावे, एवढा. २०२३ साली क्रिस्टिना सिप्रियानो यांच्या चमूने ५३ देशांतले ४२४ अभ्यास तपासले. सर्वसाधारण निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला.

पण सरकारी यंत्रणेतून मोठ्या प्रमाणावर राबवल्यावर चित्र बदलते. इंग्लंडमध्ये 'सील' हा कार्यक्रम माध्यमिक शाळांत नेला गेला. २०१०च्या मूल्यमापनात त्याचा मुलांवर लक्षणीय परिणाम आढळला नाही, आणि शाळाशाळांत अंमलबजावणी इतकी वेगवेगळी होती की एकच कार्यक्रम म्हणणेही कठीण. ब्रिटनमध्येच ८५ शाळांत, आठ हजारांहून अधिक कुमारवयीन मुलांवर सजगतेच्या तासांची 'मिरियड' चाचणी झाली. २०२२चे निष्कर्ष सांगतात की नेहमीच्या शाळेपेक्षा मुलांना वेगळा फायदा झाला नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता. शिक्षकांचा थकवा मात्र काही काळ कमी झाला. ऑस्ट्रेलियात हजारभर मुलांवर झालेल्या 'वाइज टीन्स' या प्रयोगात तर काही मुलांचे पालकांशी संबंध आधीपेक्षा बिघडल्याचे २०२३ साली नोंदवले गेले. सगळ्या वर्गाला सरसकट दिलेले भावनांचे पाठ कधी कधी अपायही करू शकतात, हे धोरण आखणाऱ्यांनी गांभीर्याने घ्यावे.

आपल्या देशातला एक चांगला पुरावा हरियाणातला आहे. तिथे 'ब्रेकथ्रू' या संस्थेने ३१४ सरकारी शाळांपैकी निम्म्या शाळांत अडीच वर्षे, साधारण तीन आठवड्यांतून एकदा, लिंगसमभावावर चर्चेचे तास घेतले. मुलामुलींच्या मतांत टिकाऊ बदल दिसला, मुलगे घरकामात अधिक हातभार लावू लागले. मुलींच्या वागण्यात तेवढा फरक पडला नाही, कारण त्यांनी मनाशी काही ठरवले तरी घर आणि गाव तेच होते.

नालंद्यातला प्रयोग

एका प्रयोगावर थोडे थांबायला हवे, कारण तो आपल्या मूळ प्रश्नाला हात घालतो. 'संगात' ही गोव्यात १९९६ साली सुरू झालेली मानसिक आरोग्य संस्था. शाळेतल्या आरोग्यासाठी साधा, प्रशिक्षण दिलेला कार्यकर्ता नेमून पाहण्याचा छोटा प्रयोग तिने आधी गोव्यात केला. पुढे बिहारच्या नालंदा जिल्ह्यात तोच मोठ्या प्रमाणावर केला. नाव 'सेहेर', निष्कर्ष २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये आले.

सरकारी माध्यमिक शाळांचे तीन गट केले. एका गटात 'सेहेर मित्र' हा बाहेरून नेमलेला, मानसशास्त्राची पदवी नसलेला पण प्रशिक्षित कार्यकर्ता. दुसऱ्या गटात त्याच शाळेतल्या एका शिक्षकाला तेच प्रशिक्षण, तेच काम. तिसऱ्या गटात फक्त नेहमीचा जीवनकौशल्यांचा अभ्यासक्रम. काम काय होते? मुलांना जे तोंडाने बोलता येत नाही ते लिहून टाकायची पेटी. मुलांनी मिळून काढायचे भित्तिपत्रक. शाळेतल्या अडचणींवर बोलायला विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांची समिती. आणि ज्याला गरज वाटेल त्याला एकट्याने येऊन बोलायची मुभा.

नववीच्या मुलांचा कल वर्षाअखेरीस पाहिला. 'मित्र' असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, दमदाटी आणि हिंसा कमी झाली, नैराश्याची लक्षणे घटली. शिक्षकांनी राबवलेल्या शाळांत जवळजवळ काहीच बदलले नाही.

कार्यक्रम तोच, पेटी तीच, समिती तीच. वेगळा होता फक्त माणूस. यावरून शिक्षक नालायक ठरत नाहीत, आणि तसा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. शिक्षकाला आधीच शिकवणे, तपासणे आणि माहिती पाठवणे आहे. शिवाय जो गुण देतो, शिक्षा करू शकतो, वडिलांना निरोप धाडू शकतो, त्याच्याजवळ पंधरा वर्षांचे मूल मन कसे मोकळे करील? ग्रामीण बिहारमध्येच मुलींसाठी झालेल्या 'गर्ल्स फर्स्ट' कार्यक्रमातही गावपातळीवरच्या प्रशिक्षित स्त्रियांनीच सत्रे घेतली होती आणि मुलींच्या मनोबलावर त्यांचा चांगला परिणाम दिसला. माध्यमिक वयासाठी तरी पुरावा एका दिशेने बोट दाखवतो. प्राथमिक वर्गात, जिथे बाई दिवसभर मुलांबरोबर असतात, तिथे हे असेच लागू होईल असे मात्र म्हणता येत नाही.

मोजायचे कसे

मोजमाप हा या क्षेत्राचा कच्चा दुवा आहे. बहुतेक अभ्यास मुलांनाच विचारतात: तुला राग किती वेळा येतो, तू मदत करतोस का. मुले हुशार असतात, काय उत्तर अपेक्षित आहे ते त्यांना कळते. शिवाय भावनांवर बोलायला शिकलेल्या मुलाला आपली उदासी आधीपेक्षा नीट ओळखू येते. मग आकडा वाढला म्हणजे त्रास वाढला की समज वाढली?

महाराष्ट्रातल्या शिक्षकांना हा पेच २०१०पासून ठाऊक आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले तेव्हा प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या होत्या: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना सुंदर होती. पण पटसंख्या मोठी आणि मुदत जवळ, त्यामुळे तयार नोंदींच्या याद्या एका व्हॉट्सॲप गटावरून दुसऱ्यावर फिरू लागल्या. 'इतरांशी आदराने बोलतो' हे वाक्य किती मुलांच्या प्रगतिपत्रकात जसेच्या तसे उतरले असेल! आता नव्या धोरणातले समग्र प्रगतिपत्रक येत आहे. त्यात भावनांचे रकाने वाढणार असतील, तर जुन्या रकान्यांचे काय झाले याचा हिशेब आधी मांडायला हवा.

सुरुवातीला सांगितलेल्या वर्गात मी दुसऱ्या दिवशीही गेले होते. त्या मुलाची पट्टी 'शांत' खिशात होती. भीती गेली म्हणून, की कुणी विचारले नाही म्हणून, हे तक्त्यावरून कळायला मार्ग नव्हता.

काय सुटलेले नाही

वयाचा प्रश्न सुटलेला नाही. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०१९ मध्ये दहा शहरांत केलेल्या पाहणीत पंधरा वर्षांच्या मुलांची बहुतेक सामाजिक-भावनिक कौशल्ये दहा वर्षांच्या मुलांपेक्षा कमी भरली. मधल्या पाच वर्षांत काय हरवते आणि त्यात शाळेचा वाटा किती, यावर एकमत नाही.

भाषेचा प्रश्न तर फारसा कुणी विचारलेलाही नाही. आपल्याकडचे बरेच साहित्य इंग्रजी चौकटीतून भाषांतरित होऊन येते. मराठी मुलाजवळ मनासाठी स्वतःचे शब्द असतात: हिरमोड, रुसवा, हुरहुर, धास्ती, कानकोंडे होणे, जीव लागणे. पाच खिशांच्या तक्त्यात रुसव्याला जागा नव्हती. रुसवा हा राग नाही, उदासीही नाही. कुणीतरी समजूत काढायला यावे ही वाट पाहणे त्यात असते. कोकणी, अहिराणी, गोंडी, वारली बोलणाऱ्या मुलांचे शब्द आणखी वेगळे. या शब्दांपासून सुरू होणारा अभ्यासक्रम अजून लिहिला जायचा आहे.

आणि शेवटी ताण नेमका येतो कुठून, हा प्रश्न. एनसीईआरटीने २०२२ साली ३,७९,८४२ विद्यार्थ्यांची पाहणी केली. चिंतेचे कारण म्हणून ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांकडे बोट दाखवले. शाळेने निर्माण केलेला ताण शाळेतल्याच एका तासाने हलका करायचा, ही अपेक्षा मला पटत नाही. परीक्षेचे ओझे, शिक्षकांवरची शिक्षणबाह्य कामे आणि समुपदेशकांची रिकामी जागा या गोष्टी भावनिक शिक्षणाच्या चर्चेत परिशिष्टासारख्या येतात. उपलब्ध पुरावा पाहता त्या पहिल्या पानावर हव्यात. लहान वर्गांत नियमित, खेळकर उपक्रम चालू ठेवावेत. आठवीच्या पुढे सरसकट पाठांवर पैसा घालण्याआधी शाळासमूहांत मिळून तरी एक प्रशिक्षित, गुण न देणारा माणूस नेमून पाहावा, आणि त्याचे मूल्यमापन महाराष्ट्रातच, आपल्या शाळांत व्हावे.

पालकांना एक विनंती. पुढच्या पालकसभेत मुलाचे गुण विचारून झाले की आणखी एक प्रश्न विचारा: शाळेत रडू आले, तर माझे मूल कुणाकडे जाते? उत्तरात एका माणसाचे नाव आले पाहिजे.